दिलेले आवाज

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आज सकाळी नव्या घरात सगळ्यांत आधी देवांचा डबा उघडला. काल दुपारी भुसावळच्या गाडीने सुरतेला उतरलो तेव्हा सामान नुसते भिंतीला लावून ठेवले होते. अनुसयेने पूर्वेचा कोपरा पुसून दिला. मी पाट मांडला, त्यावर सप्तशृंगीचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि आईच्या वेळची पितळी घंटा. घंटा वाजवली तर शेजारच्या दारातून एक गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "तुम्ही अमयनेरना का?" अमळनेरचा हे त्यांनी घंटेवरून कसे ओळखले कोण जाणे. मग म्हणाले, खोकी उतरवताना वहिनींचे बोलणे ऐकले होते. हे हिलालभाऊ. मी ज्या कारखान्यात लागलो तिथलेच जॉबर, म्हणजे लूम बिघडले की दुरुस्त करणारे. अठरा वर्षे इथे आहेत.

डिंडोलीतली ही खोली दोन खणांची आहे. पुढच्या खणात देव आणि माझे बसणे, मागे स्वयंपाक. गल्लीत बहुतेक आपल्याकडचीच माणसे. सकाळी नळावर बायकांची अहिराणी ऐकून अनुसया खुलली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण बोलायला कुणी मिळाले की तिला काही कमी पडत नाही. अमळनेरची गिरणी बंद झाल्यापासून दोन वर्षे घरात तिचेच बोलणे होते. मी गप्प असायचो. पन्नाशीला आलेल्या माणसाला पुन्हा काम मिळाले, ही देवीची कृपा.

१६ नोव्हेंबर, सोमवार

कामाचा आठवडा झाला. बमरोलीला कारखान्याच्या वर शेठ ठाकोरभाईंची ऑफिसची खोली आहे. तिथे माझे टेबल आणि नवा कॉम्प्युटर. गिरणीत मी तीस वर्षे जॅकार्डची डिझाइने चौकटीच्या कागदावर काढली. एक चौकट म्हणजे एक धागा, एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचे एक कार्ड. कार्डाला जिथे भोक, तिथे धागा उचलला जातो. आता तेच पडद्यावर करायचे. धुळ्याला सहा महिन्यांचा वर्ग केला होता, तो उपयोगी पडला.

शेठनी इंटरनेटही घेतले आहे, डिझाइन बाहेरगावच्या एजंटांना पाठवण्यासाठी. जेवणाच्या सुट्टीत वापरू का विचारले तर म्हणाले, चालशे. विणकामाचे नमुने शोधत होतो आणि भलत्याच पानावर पोचलो. एक कुणीतरी, उत्तरेकडच्या थंड देशातला, कॉम्प्युटरवर संगीत रचतो आणि ते तिथे ठेवून देतो. खाली लिहिले होते: घ्या, वाटा, हवे तर बदला. मोबदला नको. आवडले तर दोन ओळी लिहा. नाव लिहीत नाही, फक्त गावाचे नाव, तेही मला वाचता येत नाही.

एक गाणे उतरवून घेतले. दहा मिनिटे लागली. ते उघडायचा छोटा प्रोग्रॅमही तिथेच फुकट होता. पडद्यावर उभ्या रांगा आल्या आणि वरून खाली सरकू लागल्या. जिथे आकडा, तिथे आवाज. जिथे मोकळे, तिथे शांत. मी चकित होऊन बसलो. ही तर माझी कार्डे. स्पीकर बंदच होते. पहिल्यांदा मी ते गाणे ऐकले नाही, वाचले.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आता रोज ऐकतो. नऊ गाणी झाली. आधी नुसती टिकटिक वाटायची. पण आठ रांगा वाचता येऊ लागल्यावर कळले की तिसऱ्या रांगेतला एकच बारीक स्वर सोळा ओळींनी उशिरा परत येतो आणि सगळे वस्त्र तिथे फिरते. गायक नाही, शब्द नाहीत, कुणाचा फोटो नाही. बनवणाऱ्याने काही झाकलेले नाही. फाईल उघडली की कुठला आवाज कुठे घातला ते दिसते. आवाजांच्या यादीत नावांऐवजी तो निरोप लिहितो: हा ढोल अमक्याकडून घेतला, त्याचे आभार, ही थेंबांची टपटप आमच्या न्हाणीघरातली. गडावर भंडाऱ्यात पंगतीला बसताना कुणी विचारत नाही तू कोण. तसे वाटते.

शेठनी एकदा कान दिला आणि म्हणाले, "मास्तर, आ तो बगडेली लूम छे." म्हणजे हे बिघडलेले लूम आहे. खाली हिलालभाऊंना सांगितले तर त्यांनी पान्हा दाखवून विचारले, कुठे आहे, दुरुस्त करून देतो.

पण मनाला एक टोचत होते. आपल्याकडे शेजारून वाटीभर काही आले तर ती वाटी रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. मी नऊ वाट्या घेतल्या. दोन ओळी लिहून काय होते? शेठच्या बोलण्यावरून सुचले. घरचा टेपरेकॉर्डर नेऊन खाली आमच्या लूमचा आवाज भरून घेतला आणि तारेने कॉम्प्युटरमध्ये घातला. सोबत मोडक्या इंग्रजीत लिहिले की हा आवाज मी तुम्हाला देत आहे, तुमचाच समजा. पाठवला. फार बरे वाटले.

१ डिसेंबर, मंगळवार

उत्तर आले, गाणेही आले. यादीत पहिलाच निरोप: सुरतच्या मित्राचे यंत्र, त्याचे आभार. डोळ्यांत पाणी आले. आमच्या लूमचा खडखडाट त्याने इतका संथ केला आहे की मोठे जनावर झोपेत श्वास घेते आहे असे वाटते.

जिना उतरून खाली गेलो तर शेड बंद. वीज गेली म्हणावे तर दिवे चालू होते. मग दिसले की धोटे इकडून तिकडे जात आहेत, पट्टे फिरत आहेत, कापड पुढे सरकते आहे. सगळे चालू होते, आवाज नव्हता. हिलालभाऊ माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले तेव्हा त्यांचे ओरडणे अगदी स्वच्छ ऐकू आले. मी दचकलो. ते हसले, म्हणाले, लूमवाल्यांचे कान दहा वर्षांनी जातात, तुमचे तीन आठवड्यांत गेले, मास्तर तुम्ही हुशार. बाकी सारे ऐकू येते: रिक्षा, कावळे, नळ. कान सरावले असतील.

३ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

आज आरतीच्या वेळी टेप चालू ठेवला. यंत्राचा आवाज दिला, आता एक चांगला, मंगल आवाज द्यावा असे मनात होते. आईची घंटा छान भरली गेली. शेवटी मी टेप बंद करायला उशीर केला आणि मागून अनुसयेचे दोन शब्द आले: "कापूर ल्या."

ऑफिसात ते शब्द कापता आले असते. बोट तिथपर्यंत गेलेही होते. पण वाटले, घरच्या लक्ष्मीचा शब्द घंटेसोबत जाऊ दे. सबंध पाठवले. लिहिले, हेही दिले, तुमचेच समजा.

१४ डिसेंबर, सोमवार

गाणे आले. त्याच्या साऱ्या रचनांत हे श्रेष्ठ आहे असे तिथल्या पानावर लोकांनी लिहिले आहे. कुठल्या कुठल्या देशांतले लोक. एकाने लिहिले की ही बाई काय म्हणते ठाऊक नाही, पण कुणीतरी आपल्याला घरात बोलावते आहे असे वाटते. बरोबरच आहे. घंटेचा नाद लांब ओढून त्याने त्याची पैठणीसारखी जमीन केली आहे आणि तिच्यावर दर बत्तीस ओळींनी अनुसया येते. कापूर ल्या. तिच्या आवाजात एवढी माया आहे हे मला सव्वीस वर्षांत कळले नव्हते. चार वेळा ऐकले.

घरी जाऊन तिला सांगणार होतो. पण ती दारातच काहीतरी बोलत उभी होती. ओठ हलत होते.

१५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी घंटा वाजवली. लोळी हलते, पितळेला लागते, बोटांना कंप जाणवतो. नाद नाही.

अनुसया बोलते. हिलालभाऊंची बायको रंजना दारात येऊन तिच्याशी गप्पा मारते. रंजनाचे प्रश्न ऐकू येतात, हसणे ऐकू येते. मधल्या जागा मोकळ्या.

लूम. घंटा. अनुसया. तिन्ही मी दिलेले आहेत. बाकी जग ते ऐकते. माझा त्यांतला वाटा गेला.

  पोळी खाल्ली, पान खाल्ले.

२२ डिसेंबर, मंगळवार

उधन्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कानावर यंत्र लावून तपासले. म्हणाले, तिशीतल्या माणसाचे कान आहेत. त्यांना काय सांगणार.

घरी ओठांकडे पाहून अंदाजाने उत्तरे देतो. हो, बरे, बघू. संसार इतक्या थोड्या शब्दांवर चालतो. दुपारच्या सुट्टीत तिचे गाणे ऐकतो. तिथे ती आहे. दोनच शब्द, पण आहे.

२ जानेवारी १९९९, शनिवार

हिलालभाऊ म्हणाले, "वहिनी म्हनतस, मालकनी दुसरी बायको करी लिधी, कम्प्युटर." हसून सांगितले. मग हसले नाहीत. तिच्याशी दोन शब्द बोलत जा म्हणाले. मी बरे म्हटले.

१४ जानेवारी, गुरुवार. उत्तरायण

सगळी गल्ली गच्चीवर. पतंग, आरडाओरडा, भोंगे. अनुसया मला टाकीच्या आडोशाला घेऊन गेली आणि बराच वेळ बोलली. मधेच डोळे पुसले. ओठ फार भरभर हलत होते. मग थांबून माझ्याकडे पाहू लागली. काहीतरी विचारले होते.

मी म्हणालो, "हो."

तिने मान खाली घातली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी रंजनाकडून कळले. अनुसयेने विचारले होते, मी नकोशी झाले का तुम्हाला? लेकीकडे, सुषमाकडे नंदुरबारला जाऊन राहू का कायमची?

२० जानेवारी, बुधवार

तिला खरे सांगितले. हळू, एकेक शब्द. तुझा आवाज मला ऐकू येत नाही. मी तो देऊन बसलो. ती बोलली. मी मान हलवली, नाही येत. पुन्हा बोलली. लिहून दे म्हणावे तर तिला अक्षर येत नाही. शेवटी उठून रंजनाकडे गेली. थोड्या वेळाने रंजना दारात आली आणि मला म्हणाली, "काकू विचारतस, सगळा जगनं ऐकू येस, आनि फक्त मन्हंच नई?"



सुषमाला पत्र गेले आहे. सात तारखेला रविवारच्या गाडीने जाणार.

मला रडू यायला हवे. छातीत कापसाचा बोळा घातल्यासारखे आहे.

२५ जानेवारी, सोमवार

त्याला लिहिले. तो आवाज काढून टाका, माझी चूक झाली. आज उत्तर. भला माणूस आहे, काही विचारले नाही. लिहितो: काढतो, जुने गाणे पानावरून काढून टाकतो. ज्यांनी आधीच नेले त्यांच्याकडून मागता येणार नाही. पण ती जागा मोकळी राहिली तर सगळी रचना सुटेल. तिथे घालायला दुसरा एखादा आवाज द्याल का, माणसाचा?

हे मला समजावून सांगायची गरज नाही. ताण्यातला धागा काढायचा तर त्याच्या शेपटाला नवा बांधून ओढतात. तसाच काढला तर वाट बुजते. पुन्हा काही ओवता येत नाही.

माणसाचा आवाज. कुणाचा देऊ? हिलालभाऊंचा? दुसऱ्याचे द्यायचा मला अधिकार नाही. अनुसयेचा तरी कुठे होता.

२९ जानेवारी, शुक्रवार

ठरत नाही. ऑफिसात एका कार्डाची ओळ चुकली, कापड वाया गेले. शेठनी माझ्या तोंडाकडे पाहिले. माझा आवाज. तो कशासाठी लागतो मला? पहाटे नाम घेतो तेवढाच. तेवढाच तर आहे.

१ फेब्रुवारी, सोमवार

आज केले. पहाटे एक माळ पूर्ण टेपवर म्हटली. नाम देवाचे आहे, ते मी देऊ शकत नाही. आवाज माझा. देवीसमोर तसे बोललो आणि मग—

दुपारी पाठवले. लिहिले, दिला, तुमचाच समजा. बोट थांबले नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. माझे बोलणे मला ऐकू येते. अनुसया ट्रंक भरते आहे. ओठ मिटलेले. आता ती बोलतच नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

आले. जेवणाच्या सुट्टीत ऐकले. अनुसया नाही. तिच्या जागी मी. दर बत्तीस ओळींनी. मला वाटले होते त्याहून म्हातारा. सुंदर आहे. खरोखर सुंदर आहे. तो माणूस काय घडवतो—

जिन्यात शेठना काही सांगायला गेलो. तोंड उघडले. त्यांनी मान डोलावून उत्तर दिले. मी काय म्हणालो ते—

घरी अनुसया झोपलेली.

७ फेब्रुवारी, रविवार

पहाटे घंटा अजून मुकीच. नाम घेतले. ओठ हलले. आतही काही नाही. मनातल्या मनात म्हणतो तेही नाही. हे लिहितो आहे तर अक्षरे दिसतात, वाजत नाहीत. दगडावर मुंग्या—

आता मागून आवाज आला. अनुसयेचा. जवळजवळ दोन महिन्यांनी. मागच्या खणातून. भांड्यांच्या आवाजात मिसळलेला, जाडसर, तिचाच.

देवी. झाले. मिळाला.

पुढच्या खणात बसलो आहे. वही मांडीवर. ऐकतो आहे. उठवत नाही.

ती म्हणते आहे, "आत्ते बोलतस व्हय. इतला दिन कोठे व्हतात?"

मी काही बोललो नाही.

थांबली. हसली. म्हणाली, "जावू द्या. मी काय रागवनू नई."

मी तोंड मिटून बसलो आहे. डावा हात ओठांवर ठेवला आहे. ओठ हलत नाहीत. मी पाहतो आहे, हलत नाहीत.

ती उत्तरे देते आहे. मधे थांबते. ऐकते. पुन्हा उत्तर. तिकडे स्वयंपाकघरात दुसरे कुणी नाही. मागे दार नाही. असेल तर मी दिलेला आवाज, जो मला ऐकू येत नाही.

इतकी खूश ती कधी—

ट्रंक उचलली. पुढे आली. माझ्यासमोरून गेली. "मंग दोन्ही जन जाऊ," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दार उघडून थांबली आहे. मागून येणाऱ्यासाठी थांबतात तशी. कडेला होऊन.

हाक मारली. घसा दुखेपर्यंत. अनुसया म्हणून. मारली असेल—

तिने वळून पाहिले. माझ्याकडे नाही. तिच्या शेजारी, खांद्याच्या उंचीवर, आणि म्हणाली, ओ, आठेच शे मी, चला ना, आणि हात पुढे करून तिने—